हिरव्या पट्टीवर निळी फोल्डरं: एलएसचे रंग कुठे ठरतात आणि कुठे बदलायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएलवर (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय) उबुंटू हे लिनक्स टाकलं. लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये एलएस, म्हणजे फोल्डरातली यादी दाखवणारी कमांड, दिली की सगळं ठीक दिसतं, पण सी ड्राइव्हमध्ये शिरलं की प्रत्येक फोल्डरचं नाव हिरव्या पट्टीवर निळ्या अक्षरांत येतं. शिवाय ऑफिसच्या एका जुन्या सेंटओएस ५ (हेही लिनक्सच) सर्व्हरवर पुटी या टर्मिनलमधून गेलं की फोल्डरं काळ्या पडद्यावर इतकी गडद निळी असतात की मान पुढे काढून वाचावी लागतात. दोन्हीकडचे रंग बदलायचे कसे?

बदलणं सोपं आहे, दहा मिनिटांचं काम. पण या दोन तक्रारी दिसायला जुळ्या असल्या तरी त्यांची मुळं वेगळी आहेत. पुटीतल्या निळ्याचा दोष टर्मिनलकडे, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीकडे, जातो. सी ड्राइव्हमधली हिरवी पट्टी मात्र एलएसने मुद्दाम दिलेला इशारा आहे. दोन्हींवर एकच औषध लावलंत तर पहिला आजार बरा होईल आणि दुसरा झाकला जाईल. मी हा दुसरा घोटाळा स्वतः केलेला आहे, त्याची गोष्ट पुढे येईलच.

(कमांड आणि व्हेरिएबल इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि रोमन आकडे.)

आधी पुटीतला निळा. एलएस फोल्डरचं नाव छापण्याआधी टर्मिनलला एक छोटा संकेत पाठवतं: एस्केप, मग चौकोनी कंस, मग आकडे, शेवटी एम हे अक्षर. ते आकडे म्हणजे रंग. अक्षरांचे रंग ३० ते ३७, पार्श्वभूमीचे ४० ते ४७. या आकड्यांत एक गंमत आहे, ती कळली की तक्ता पाठ करावा लागत नाही. लाल म्हणजे १, हिरवा २, निळा ४. लाल आणि हिरवा मिळून ३, म्हणून ३३ पिवळा. लाल आणि निळा मिळून ५, म्हणून ३५ जांभळट. हिरवा आणि निळा मिळून ६, म्हणून ३६ आकाशी. तिन्ही मिळून ७, म्हणजे ३७ पांढरा, आणि काहीच नसेल तर ३० काळा. आकड्याआधी ०१ असेल तर ठळक, ०४ असेल तर अधोरेखित, ०७ असेल तर अक्षर आणि पार्श्वभूमीची अदलाबदल.

आता यात कळीचा भाग हा की ३४ म्हणजे नेमका कुठला निळा, हे एलएस सांगतच नाही. ते टर्मिनलने ठरवायचं. पुटीचा मूळ निळा लाल ०, हिरवा ०, निळा १८७ असा आहे. विंडोजच्या जुन्या कन्सोलचा ०, ०, १२८ होता. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये कन्सोलची रंगपेटी बदलली तेव्हा तो ०, ५५, २१८ झाला. म्हणजे सर्व्हर तोच, एलएस तेच, आकडाही तोच, आणि तीन खिडक्यांत तीन निळे.

शुद्ध निळा काळ्यावर का दिसत नाही, यालाही कारण आहे. आपल्या डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१, आणि निळ्याचा जेमतेम ७. निळा कितीही चढवला तरी उजेड फारसा वाढत नाही. वेबवरच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ पट फरक असावा असा संकेत आहे. त्याच सूत्राने मोजलं तर जुन्या कन्सोलचा निळा काळ्यावर १.३ भरतो आणि पुटीचा १.७. म्हणजे चष्म्याचा नंबर वाढलेला नाही, निश्चिंत राहा.

तुमच्या सर्व्हरवर हे जास्त खुपण्याचं आणखी एक कारण आहे. सेंटओएस ५ मध्ये फोल्डरसाठी ‘००;३४’ ठरवलेलं होतं, म्हणजे साधा निळा. उबुंटूत ते ‘०१;३४’ आहे, म्हणजे ठळक निळा, आणि बरीच टर्मिनलं ठळक रंग उजळ करून दाखवतात. म्हणून उबुंटूत ‘ठीक दिसतं’ आणि तिथे दिसत नाही.

उपाय सर्व्हरवर करू नका, पुटीत करा. सेटिंगमध्ये विंडो या शीर्षकाखाली कलर्स आहे. तिथे ‘एएनएसआय ब्लू’ निवडून मॉडिफाय दाबा आणि ९५, १३५, २५५ असा निळा द्या. हा काळ्यावर ६.४ भरतो. मग परत सेशनच्या पानावर येऊन सेव्ह करायचं. हे निम्मे लोक विसरतात आणि दुसऱ्या दिवशी ‘रंग टिकत नाहीत’ म्हणून येतात. विंडोज टर्मिनल आणि ग्नोम टर्मिनल दोन्हींत प्रोफाइलची रंगसंगती बदलण्याची सोय सेटिंगमध्येच आहे.

टर्मिनलमध्ये बदलण्याचा माझा आग्रह यासाठी की तो बदल एकदाच करावा लागतो. मग तुम्ही पन्नास सर्व्हरांवर जा, गिट वापरा, व्हिम उघडा, सगळीकडचा ३४ सुधारलेला दिसतो. उलट सर्व्हरच्या फाइली बदलत बसलात तर प्रत्येक नव्या मशीनवर तेच दळण.

आता सी ड्राइव्हची हिरवी पट्टी. इथे एलएस ‘३४;४२’ पाठवतंय: निळं अक्षर, हिरवी पार्श्वभूमी. विंडोज टर्मिनलच्या मूळ रंगांत हा फरक २.४ भरतो, म्हणून डोळे दुखतात. पण पट्टी येते का? कारण त्या फोल्डरात कुणीही लिहू शकतं अशी परवानगी लागलेली आहे. एलएसच्या भाषेत याचं नाव ओडब्ल्यू, म्हणजे मालक आणि गट सोडून इतरांनाही लिहिण्याची मुभा. ‘एलएस -एलडी’ करून पाहा, आरडब्ल्यूएक्स तीनदा दिसेल. आर म्हणजे वाचणं, डब्ल्यू लिहिणं, एक्स चालवणं; मालक, गट आणि इतर, तिघांनाही सगळं. तेच प्रसिद्ध ७७७. डब्ल्यूएसएलला विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्सच्या परवानग्या मिळत नाहीत, म्हणून ते सरसकट ७७७ दाखवतं. एनटीएफएसची (विंडोजची फाइलसिस्टिम) बाहेरची हार्डडिस्क लिनक्सला जोडली की पुष्कळदा हेच होतं.

तेव्हा आधी परवानग्या. ‘ईटीसी’ फोल्डरात ‘डब्ल्यूएसएल.कॉन्फ’ नावाची फाइल असते, नसेल तर सुडो वापरून, म्हणजे प्रशासकाच्या हक्काने, बनवा. चौकोनी कंसात ‘ऑटोमाउंट’, आणि त्याखालच्या ओळीत ‘ऑप्शन्स’ बरोबर अवतरणात ‘मेटाडेटा,युमास्क=२२’. मग विंडोजच्या बाजूने, पॉवरशेलमध्ये, ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’. नुसती खिडकी बंद करून उघडणं पुरत नाही. पुन्हा आत आलात की फोल्डरं ७५५ (लिहिण्याची मुभा फक्त मालकाला) झालेली असतील आणि हिरवी पट्टी रंगांना हात न लावता गेलेली असेल.

फाइली मात्र हिरव्या अक्षरांत दिसत राहतील, कारण त्यांना चालवण्याची परवानगी अजून आहे. तीही काढायची तर ‘एफमास्क=१११’ जोडता येतं. पण मग विंडोजचे ईएक्सई प्रोग्राम लिनक्सच्या प्रॉम्प्टवरून थेट चालत नाहीत, परवानगी नाही म्हणतात. मला ते लागतात, म्हणून मी हिरव्या फाइली सहन करतो.

आता ती गोष्ट. काही वर्षांपूर्वी मलाही ही पट्टी डोळ्यांत खुपायची. मी माझ्या रंगांच्या फाइलीत ओडब्ल्यूला साध्या फोल्डरचाच रंग देऊन टाकला आणि ती फाइल प्रत्येक सर्व्हरवर सोबत नेऊ लागलो. एका ग्राहकाच्या वेबसाइटच्या सर्व्हरवर कुणीतरी अपलोड चालत नाही म्हणून अख्ख्या झाडाला ७७७ लावून मोकळं झालं होतं. मी त्या फोल्डरात कित्येक आठवडे रोज ये-जा करत होतो. एके दिवशी नव्या आलेल्या मुलीने माझ्या शेजारी बसून स्वतःच्या खात्यातून एलएस केलं आणि विचारलं, ‘सर, हे सगळं हिरवं का आहे?’ तिच्या पडद्यावर दिवाळी, माझ्या पडद्यावर शांतता. नुकसान काही झालं नव्हतं, हे नशीब.

तेव्हापासून मी पट्टी काढतो, इशारा ठेवतो. ओडब्ल्यूला ‘०१;३४;०४’ देतो: ठळक निळं आणि अधोरेखित. वाचता येतं आणि लक्षही जातं. आणखी एक, टीएमपी फोल्डर हिरव्या पट्टीवर काळ्या अक्षरांत दिसतं, ते तसंच बरोबर आहे. तिथे सगळ्यांना लिहिता येतं पण दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही; त्याचा वेगळा संकेत टीडब्ल्यू, ‘३०;४२’. त्याला ७५५ करायला जाऊ नका, अर्धे प्रोग्राम रडतील.

आता प्रत्यक्ष एलएसचे रंग कसे बदलायचे ते. एलएस हे सगळं ‘एलएस_कलर्स’ नावाच्या व्हेरिएबलमधून वाचतं. तो एकदा छापून पाहिलात तर हजारभर अक्षरांची शेपटी दिसेल, घाबरू नका. त्यात एक खूण, बरोबरचं चिन्ह, रंगाचे आकडे, मग कोलन, आणि पुन्हा तेच. डीआय म्हणजे फोल्डर, एलएन म्हणजे दुवा (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारं नाव), ईएक्स म्हणजे चालवता येणारी फाइल, ओआर म्हणजे लक्ष्य हरवलेला दुवा. तारांकनाने सुरू होणाऱ्या खुणा फाइलीच्या नावाच्या शेवटाला लागतात, जसं झिप किंवा जेपीजी. जुळणी फक्त नावाच्या शेवटाशी होते. जेपीजी नाव देऊन आत मजकूर भरला तरी एलएस तो फोटोच्या रंगात दाखवेल, आत डोकावणं त्याचं काम नाही.

ही शेपटी हाताने लिहीत बसायची नसते. त्यासाठी ‘डायरकलर्स’ ही कमांड आहे. एच. पीटर अ‍ॅन्विन यांनी लिहिलेली. ‘डायरकलर्स -पी’ केलं की मूळ रंगांची वाचता येण्याजोगी यादी मिळते, खुणांऐवजी पूर्ण शब्दांत: डिर, लिंक, एक्झेक, अदर_रायटेबल. ती होम फोल्डरात ‘.डायरकलर्स’ नावाने साठवा आणि हवी ती ओळ बदला. उबुंटू आणि डेबियनच्या मूळ ‘.बॅशआरसी’त (शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, सुरू होताना वाचतो ती फाइल) ही फाइल असेल तर तीच वाचायची असं आधीच लिहिलेलं आहे, त्यामुळे वेगळं काही करावं लागत नाही. नवं टर्मिनल उघडलं की झालं. रेड हॅट घराण्यात (सेंटओएस त्यातलंच) मूळ यादी ईटीसीमधल्या ‘डिर_कलर्स’ फाइलीत असते.

एकच रंग बदलायचा असेल तर एवढाही खटाटोप नको. ‘.बॅशआरसी’च्या अगदी शेवटी एक ओळ लिहा: एक्सपोर्ट, मग एलएस_कलर्स बरोबर, अवतरणात जुना डॉलर-एलएस_कलर्स, कोलन, आणि ‘ओडब्ल्यू=०१;३४;०४’. एकच खूण दोनदा आली तर नंतरची चालते, म्हणून शेवटी जोडायचं. अवतरण विसरलात तर शेलला अर्धविरामापाशी कमांड संपली असं वाटतं आणि तो ‘३४: कमांड नॉट फाउंड’ म्हणतो. हा संदेश पाहून लोक चक्रावतात, पण दोष तेवढाच असतो. आणि खुणेच्या स्पेलिंगमध्ये एक चूक झाली तरी एलएस फक्त ती खूण सोडून देत नाही, तक्रार करून सगळेच रंग बंद करतं. जुन्या सर्व्हरवर नव्या उबुंटूचा व्हेरिएबल जसाच्या तसा नेला की कधीकधी हेच होतं, कारण जुन्या एलएसला नव्या खुणा माहीत नसतात.

आठ रंगांत भागत नसेल तर २५६ आहेत. ‘३८;५;’ आणि पुढे क्रमांक. पहिले १६ नेहमीचे, मग ६ गुणिले ६ गुणिले ६ असे २१६, आणि शेवटी २४ करडे. मधल्या २१६ मधला क्रमांक काढायचं सूत्र: १६, अधिक ३६ गुणिले लाल, अधिक ६ गुणिले हिरवा, अधिक निळा, प्रत्येक रंग ० ते ५. सेंटओएस ७ मध्ये फोल्डरला ‘३८;५;२७’ होतं: लाल ०, हिरवा १, निळा ५. हिरव्याची एक पायरी चढवल्यावर काळ्यावर तो ४ पर्यंत पोचला. त्याहून चांगला हवा तर ७५ घ्या, तो ९ भरतो.

पण घेण्याआधी एक विचार करा. पहिले १६ रंग तुमच्या टर्मिनलच्या रंगसंगतीप्रमाणे बदलतात, पुढचे बहुतेक टर्मिनलांत ठरलेले असतात. हाच ७५ पांढऱ्या पार्श्वभूमीवर २.३ भरतो, म्हणजे फिका पडून जातो. दिवसा उजळ आणि रात्री गडद पडदा ठेवणाऱ्यांनी १६ मध्येच राहावं आणि रंगसंगतीला तिचं काम करू द्यावं. मी स्वतः तेच करतो. २५६ चे रंग हौशीने लावलेल्या माझ्या फाइली एका सादरीकरणात पांढऱ्या प्रोजेक्टरवर अदृश्य झाल्या, त्या दिवशी ती हौस फिटली.

१६ मध्येही एक खड्डा आहे, आणि तो फार सुंदर दिसणाऱ्या रंगसंगतीत आहे. ईथन शूनोव्हर यांची २०११ ची सोलराइज्ड पुष्कळांना आवडते. तिच्यात उजळ रंगांच्या बहुतेक जागा करड्या छटांना दिलेल्या आहेत. उजळ निळ्याच्या जागी तर गडद संगतीत साध्या मजकुराचाच करडा रंग बसवलाय. आता एलएस पाठवतं ‘०१;३४’, टर्मिनल ठळकला उजळ समजतं, आणि फोल्डर साध्या फाइलीसारखं करडं दिसतं. लोक समजतात एलएसचे रंगच बंद पडले. टर्मिनलमध्ये ‘ठळक अक्षरं उजळ रंगात दाखवा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो बंद करा, किंवा डीआयला साधा ३४ द्या.

रंग चालूच नसतील तर ‘टाइप एलएस’ करून पाहा. बहुतेक ठिकाणी एलएस हे ‘एलएस --कलर=ऑटो’चं टोपणनाव असतं. ऑटो म्हणजे पडद्यावर छापत असेल तरच रंग, पाइपमध्ये, म्हणजे यादी दुसऱ्या कमांडला देताना, नाही. लेसमधून, म्हणजे पानापानाने दाखवणाऱ्या कमांडमधून, पाहताना रंग जातात म्हणून कुणी तिथे ‘ऑलवेज’ लिहून ठेवतं. ते टोपणनावात कधीही ठेवू नका. मग एलएसची यादी पाइपने पुढच्या कमांडला दिली की नावांभोवतीचे रंगांचे संकेतही जातात, आणि फाइल डोळ्यांसमोर असताना कॉपी म्हणते अशी फाइलच नाही. यादी ‘कॅट -व्ही’तून काढून पाहिली की ते संकेत उघडे पडतात. लेसमध्ये रंग हवेत तर तेवढ्यापुरतं ऑलवेज द्या आणि लेसला मोठ्या लिपीतला ‘-आर’ लावा.

लाल आणि हिरव्यात ज्यांची गल्लत होते त्यांना मूळ रंगांचा फारसा उपयोग नाही: चालवता येणारी फाइल हिरवी, झिप लाल, दोन्ही ठळक. अशांनी ‘एलएस -एफ’ वापरावं, एफ मोठ्या लिपीतला. फोल्डरपुढे तिरकी रेघ, चालणाऱ्या फाइलीपुढे तारांकन, दुव्यापुढे अ‍ॅट. माझी दृष्टी ठीक आहे, तरी मी हे कायम लावून ठेवलंय.

मॅक वापरत असाल तर यातलं बरंचसं विसरा. तिथलं एलएस बीएसडी या युनिक्सच्या वेगळ्या घराण्याचं आहे. रंगांसाठी मोठ्या लिपीतला ‘-जी’ किंवा ‘क्लायकलर’ हा व्हेरिएबल, आणि रंग ठरवायला ‘एलएसकलर्स’, मध्ये अधोरेषा नसलेला. त्यात अक्षरांच्या जोड्या असतात. प्रत्येक जोडीत पहिलं अक्षराचा रंग, दुसरं पार्श्वभूमीचा. ए काळा ते एच पांढरट, मोठी लिपी म्हणजे ठळक, एक्स म्हणजे टर्मिनलचा मूळ रंग. पहिली जोडी फोल्डरची, ती मुळात ‘ईएक्स’ असते, म्हणजे साधा निळा. पहिल्या ई-ऐवजी मोठ्या लिपीतला जी लिहा, फोल्डर ठळक आकाशी होईल. फाइलीच्या प्रकारानुसार रंग तिथे मिळत नाहीत. हवेच असतील तर होमब्रू या पॅकेज मॅनेजरमधून कोअरयुटिल्स (लिनक्समधलं एलएस ज्यात येतं तो संच) घ्या, म्हणजे ‘जीएलएस’ आणि ‘जीडायरकलर्स’ मिळतात.

शेवटचं एक, कारण ऑफिसच्या सर्व्हरवर हे कधी ना कधी गाठेलच. नेटवर्कवरच्या, लाखभर फाइलींच्या फोल्डरात एलएस मिनिटभर अडकून बसलं तर डिस्कला दोष देण्याआधी ‘\एलएस’ करून पाहा, उलटी तिरकी रेघ लावून. तिने टोपणनाव बाजूला पडतं आणि रंग बंद होतात. फोल्डर आहे की फाइल, हे एलएसला पुष्कळ फाइलसिस्टिमवर यादीबरोबरच कळतं. पण चालवता येते का, दुव्याचं लक्ष्य जागेवर आहे का, इतरांना लिहिता येतं का, हे रंगाने दाखवायचं तर एकेका फाइलीची स्वतंत्र चौकशी करावी लागते, आणि नेटवर्कवर तीच महागात पडते. त्या सर्व्हरवरच्या ‘.डायरकलर्स’मध्ये एक्झेक, ऑर्फन, सेटयुआयडी, सेटजीआयडी, कॅपॅबिलिटी, मल्टीहार्डलिंक आणि स्टिकी-रायटेबलच्या सगळ्या ओळींना ०० दिलं की चौकशा थांबतात. फोल्डरं निळी राहतात, झिप लाल राहतात, यादी झटकन येते. या सौद्यात ओडब्ल्यूचा इशाराही जातो, म्हणून हे फक्त त्या एका मशीनवर करा.